धवल्याची सुपारी

सुपारी घेणे या शब्दाला हल्ली वाईट दिवस आले आहेत. पेपर उघडावा तर कुणीतरी कुणाची तरी सुपारी घेतलेली असते. आमच्या घरी यायची ती सुपारी लग्नाची. माझी आई धवलारीण होती. कल्याण-भिवंडी रस्त्यावर कोनच्या आसपास आमची आगरी गावं आहेत. तिथं भटजी यायचा तो अगदी शेवटी, मंगलाष्टकांपुरता, पुढचं लग्न गाठायचं म्हणून घड्याळाकडे बघत. त्याच्या आधीचं सगळं लग्न धवलारीण लावायची. मांडव उभा राहिला, उंबराची फांदी आली, हळद कालवली, तेल चढवलं, की प्रत्येक वेळी तिनं धवले म्हणायचे. गाण्यातूनच देवांना नावानं हाक मारायची, गावदेवीला मारायची, त्या घरातल्या गेलेल्या माणसांना मारायची. सगळे येऊन बसले असं तिला वाटलं की मग नवऱ्याच्या अंगाला हळदीचा हात लागायचा.

धवले म्हणायला दोघी लागतात. एक पुढची आणि एक मागची. पुढची ओळ टाकते, मागची ती उचलून पुरी करते आणि तेवढ्यात पुढची श्वास घेते. आईच्या मागे माझी आत्या गायची. आत्या वारली तेव्हा मी शाळेत होते आणि लग्नांचा हंगाम तोंडावर आला होता. आईनं मला विचारलं वगैरे काही नाही. शेजारी पाट टाकून बसवलं आणि म्हणाली, "माझ्या तोंडाकडं बघ." त्या उन्हाळ्यापासून मी मागची झाले. वर्गातल्या मुली मे महिन्यात मामाकडे जायच्या आणि मी लोकांच्या मांडवात घामाघूम होऊन बसलेली असायचे. मला त्याची लाज वाटायची. भिवंडीच्या कॉलेजात असेपर्यंत मी हे कुणाला कळू दिलं नव्हतं.

तीच लाज पुढे कामाला आली. एम.ए.ला मी मराठी घेतलं, मुंबईला जाऊ लागले. लोकसाहित्य शिकवणाऱ्या आमच्या बाई एकदा वर्गात म्हणाल्या की ठाणे जिल्ह्यात धवले नावाचा एक प्रकार होता, तो आता जवळजवळ नामशेष झाला आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, "परवाच झाला आमच्या शेजारी." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. तास संपल्यावर त्यांनी मला खोलीत बोलावलं, चहा मागवला आणि कधी नव्हे ते माझ्याशी बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं बोलल्या. मी भुलले. कुणीही भुललं असतं.

बाईंनी मला विभागाचा टेपरेकॉर्डर दिला. घरी आणून मी तो आईपुढे ठेवला आणि म्हटलं, म्हण. आई त्या यंत्राकडे बघत राहिली.

"लगीन कोनाचा हाय?" तिनं विचारलं.

"कोनाचा न्हाय. असाच म्हन, टेप करायला."

"असाच कसा म्हनू? हलद न्हाय, मांडव न्हाय. देवांना हाका मारल्या आनि ते आले तं बसवू कुठं?"

मी यंत्र उचलून पिशवीत घातलं. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी ते वाक्य ताबडतोब वहीत लिहून घेतलं आणि फार सुंदर आहे म्हणाल्या. मला मात्र त्या दिवशी आईचा राग आला होता. शेवटी त्या हंगामात मी खऱ्या मांडवांत टेपरेकॉर्डर नेला. मांडीखाली यंत्र, तोंडानं मागच्या ओळी, आणि बाजूला ऑर्केस्ट्रावाल्यांचे लाउडस्पीकर. आमच्या हळदीत तेव्हा नुकतं ते खूळ आलं होतं. त्या गोंगाटातून जे हाती लागलं त्यावर मी एक निबंध लिहिला आणि बाईंनी तो जर्मनीतल्या एका विद्यापीठाला पाठवला.

हे एकोणीसशे नव्वदच्या सुरुवातीचं. त्या विद्यापीठात भारतीय मौखिक परंपरांवर उन्हाळ्यात सहा आठवड्यांचा अभ्यासवर्ग होता. खर्च तेच करणार होते. बाईंनी मला सरळ सांगितलं, "हा वर्ग म्हणजे नुसता वर्ग नाही. तिथले सर विद्यार्थी पारखून घेतात आणि एखाद्याला पीएच.डी.साठी ठेवून घेतात. नीट वागलीस तर तुझं आयुष्य बदलेल." एरवी माझ्यापुढे वाट होती ती बी.एड.ची. भिवंडीत एखाद्या शाळेत नोकरी, सकाळची पाळी, संध्याकाळी शिकवण्या, आणि स्थळं तर येतच होती. वडिलांनी बी.एड.च्या प्रवेशाची चौकशीसुद्धा करून ठेवली होती. वाईट वाट नव्हती ती. पण बाईंनी दुसरी दाखवल्यापासून मला पहिलीवर पाऊल टाकवेना.

त्यातच एम.ए.ची शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. घराच्या मागच्या शेडमध्ये वडिलांनी लूमवाल्याला जागा भाड्यानं दिली होती. आम्ही त्या खटखटाटाला सरावलेलो होतो, पण परीक्षा जवळ आली की तो कपाळात शिरायचा. भाषाविज्ञानाच्या पेपरची मला इतकी धास्ती होती की एकच पान मी दहादा वाचायचे. शिफ्ट सुटली की परप्रांतातून आलेला एक वयस्कर कारीगर अंगणातल्या नळावर तोंड धुवायला यायचा. मला पुस्तक घेऊन बसलेली बघून म्हणायचा, "बिटिया, इतना मत पढ़ो, दिमाग का ताना टूट जाएगा." ताना म्हणजे मागावरचे उभे धागे. मी हसायचे, पण तसं काहीतरी खरंच होत होतं. केस मूठमूठ गळत होते. आई रोज सकाळी ते केरातून गोळा करायची.

अशा एका दुपारी सुपारी आली. आई पावसाळ्यासाठी सुकी मासळी आणायला भिवंडीच्या बाजाराला गेली होती. वडील टेम्पो चालवायचे, कापडाचे तागे घेऊन मुंबईला गेले होते. मी ओटीवर पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. बाजूच्या गावचे एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरं धोतर, डोक्याला रुमाल. आई त्यांना बाबा म्हणायची म्हणून मीही बाबाच म्हणायचे. त्यांच्या नातवाचं लग्न ठरलं होतं.

"आय न्हाय घरान?"

"बाजाराला गेली, बाबा. बसा, पानी देते."

"पानी नको. परत यायचा म्हंजे पाय दुखतान माझे. मंग तूच घे गो बाय. मागची तूच ना?"

त्यांनी विड्याच्या पानावर सुपारी धरून पुढे केली. मी पुस्तकातून बोट न काढता उठले, उजवा हात पुढे केला आणि घेतली. त्यांनी तारीख सांगितली, मिरगाच्या थोडी आधीची. मी मनात हिशोब केला. परीक्षा तोवर आटोपलेली असेल, आणि अभ्यासवर्ग जुलैत असतो असं बाई म्हणाल्या होत्या. मी मान डोलावली. म्हाताऱ्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते निघून गेले. सुपारी मी देवापुढे ठेवली आणि परत पुस्तक उघडलं.

आई संध्याकाळी आली. टोपली उतरवता उतरवता तिचं लक्ष देवाकडे गेलं.

"कोनी घेतली?"

"मी."

"तुझ्या हातान?"

"मंग कोनाच्या? तू नव्हतीस ना घरान."

ती उंबऱ्यावर बसली. मला वाटलं उन्हाचं चालून आली म्हणून बसली. मग तिनं मला जे सांगितलं ते इतकी वर्षं तिच्या मागे गाऊनही मला माहीत नव्हतं, कारण सांगायची वेळच आली नव्हती. सुपारी नेहमी पुढची घेते. तिनं घेतली की मांडव तिचा, आणि मागे कुणाला बसवायचं हे ती बघते. एक आजारी पडली तर दुसरी नेते. पण मागचीनं स्वतःच्या हातानं घेतली तर ती जागा तिची होते. तिथं दुसरीला बसवता येत नाही. आणि घेतलेली सुपारी परत जाते ती एकाच कारणानं, घेणाऱ्याच्या घरात सुतक आलं तर.

"म्हंजे काय झाला?" मी म्हटलं. "मी येनारच हाय ना."

"तू येनार तं काय न्हाय झाला," आई म्हणाली आणि मासळी झाडायला बसली.

दोन गोष्टी मग लागोपाठ घडल्या. विद्यापीठानं परीक्षा पुढे ढकलली, थेट मेच्या अखेरीवर. आणि जर्मनीहून होकार आला. वर्ग जुलैत नव्हता, जूनच्या सुरुवातीलाच होता. शेवटचा पेपर, मग विमान आणि विमानाच्या दुसऱ्या दिवशी हळद. बाई आनंदानं बोलत होत्या आणि मी त्यांच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होते. 

मी बाईंना सुपारीचं सांगितलं. त्यांना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्या चिडल्या.

"अगं, हे काय कारण आहे? दुसरी कुणी गाईल. नाहीतर त्यांना सांग, जमत नाही."

"सांगता येत नाही, बाई. तसा रिवाज आहे."

"रिवाज आहे हे मला समजतं," त्या म्हणाल्या, "पण तू शिकलेली मुलगी आहेस."

ज्या रिवाजाचा अभ्यास करायला मला परदेशी पाठवत होते त्याच रिवाजानं माझी वाट अडवली होती. बाईंना त्यातलं काही खुपलं नाही. मलाही तेव्हा हसू आलं नाही. उलट बाईंचं बरोबर आहे असंच वाटलं, आणि तसं वाटलं याचाच त्रास झाला.

वडील माझ्या बाजूचे होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. "विमान काय दर मिरगाला येतं? लग्ना तं रोज होतान." एका रविवारी ते मला टेम्पोत बसवून बाबांच्या गावी घेऊन गेले. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. बायका भिंती सारवत होत्या. नवरा मुलगा माझ्याहून लहानच असेल, त्यानं आम्हाला खाट टाकून दिली. वडिलांनी सगळं नीट समजावून सांगितलं. पोरीला लांबच्या देशात बोलावलंय, सरकारी कॉलेजवाले बोलावतायत, पुन्हा अशी संधी यायची नाही, आपलं घरचं माणूस म्हणून मोकळं करा. मी पदराच्या गाठीतून सुपारी काढून खाटेवर ठेवली.

बाबांनी तिला हात लावला नाही. रागावलेही नाहीत.

"तुमच्या घरान सुतक हाय का?" त्यांनी वडिलांना विचारलं.

"न्हाय."

"देव करो नि कवाच न यावा. मंग मी परत कशी घेऊ? मांडव उभा र्‍हायच्या आधी सुपारी परत आली तं पोराच्या लग्नाला काय अर्थ र्‍हाला?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू जा, बाय, नायतर र्‍हा. तुना कोन बांधून न्हाय ठेवनार. पन सुपारी तुझी ती तुझीच."

त्यांनी आम्हाला चहा पाजला, कलिंगड कापून दिलं. निघताना मी सुपारी उचलून परत गाठीला बांधली.  वडिलांना वाटलं होतं की समजावलं की माणसं ऐकतात.

आता एकच माणूस उरलं होतं जे मला सोडवू शकत होतं किंवा थांबवू शकत होतं, आणि ते तोंड उघडत नव्हतं. आई रोजची कामं करत होती. लाकडं रचत होती, पापड वाळवत होती, माझ्या डोक्याला तेल लावत होती. मी पुस्तक हातात घेऊन तिच्या मागेमागे फिरायचे. शेवटी एका संध्याकाळी लाइट गेलेली असताना मी तिला धरून बसवलं.

"तू सांग. जाऊ का नको?"

"मी कशी सांगू? सुपारी मना न्हाय दिली."

"तू माझी आय हायस ना? आय म्हनून सांग."

"आय म्हनून सांगला तं धवलारीन म्हनून खोटी पडन. धवलारीन म्हनून सांगला तं आय म्हनून." तिनं माझा हात सोडवला. "तुझ्या हातान हाय, पोरी."

मी ताट आपटलं. जेवले नाही. आपल्याकडे आयांना रडून, शपथा घालून, आजारी पडून पोरींना थांबवता येतं, हे मी शेजारीपाजारी बघितलं होतं. माझ्या आईनं त्यातलं काही केलं असतं तर मी तिच्याशी भांडले असते आणि मोकळी झाले असते. तिनं मला ती सोयही ठेवली नाही. त्याबद्दल मी तिच्यावर फार दिवस चिडून होते.

परीक्षा त्याच अवस्थेत दिली. पेपरला बसले की हळदीची तारीख डोळ्यापुढे यायची आणि घरी आले की पुढचा पेपर. भाषाविज्ञानाच्या दिवशी सकाळी ओकले, बस चुकली, परीक्षा सुरू झाल्यावर धावत पोचले आणि पहिला प्रश्न वाचला तो अर्थच लागेना. तसंच लिहीत सुटले. अखेरचा पेपर देऊन कोनच्या नाक्यावर उतरले तेव्हा ऊन तापलेलं होतं, रस्त्यावरून ताग्यांनी भरलेले ट्रक चालले होते आणि मला घरी जायची घाई नव्हती. नाक्यावरच्या पिंपळाखाली उभी राहून मी जायचं ठरवलं. धैर्यानं ठरवलं असं म्हणणार नाही. इथं राहिले तर काय होईल ते मला वर्षावर्षानं दिसत होतं, शाळा, स्थळ, मांडव, पुन्हा शाळा. तिथं गेले तर काय होईल ते काहीच दिसत नव्हतं. न दिसणाऱ्याची भीती मला कमी वाटली, एवढंच.

घरी येऊन सांगितलं, मी जातेय. आई तांदूळ पाखडत होती.

"बरा," ती म्हणाली.

"तू मांडवात काय करशील?"

"मी बघीन."

मला वाटलं ती कुणालातरी घेईल. खाडीच्या पलीकडे एक म्हातारी धवलारीण होती. तिचं वळण वेगळं होतं, पण वेळ निभावली असती. रिवाज रिवाज म्हणतात आणि अडलं की काहीतरी तोड काढतातच, असं मी मनाला समजावलं आणि त्यावर विश्वासही ठेवला.

ज्या दिवशी मी निघाले त्याच दिवशी आईही निघाली. हळदीच्या आदल्या दिवशी उंबर आणायचा असतो, धवलारणीला तेव्हापासून तिथं लागतं. म्हणजे माझ्या आधी तीच घरातून बाहेर पडली. हिरवं लुगडं नेसली, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं. दारात वळून म्हणाली, "भात झाकून ठेवलाय, जेवून जा." बाहेर लग्नघरची माणसं न्यायला आली होती, त्यांच्यासोबत ती बांधावरून चालत गेली. मी ओटीवरून बघत राहिले. तिनं मागे बघितलं नाही. संध्याकाळी वडिलांनी मला टेम्पोतून विमानतळावर सोडलं. तिथल्या पोलिसानं टेम्पो आत येऊ दिला नाही, म्हणून शेवटचं अंतर आम्ही पेटी दोघांत धरून चालत गेलो.

जर्मनीबद्दल फार लिहीत नाही. तिथं संध्याकाळ संपायचीच नाही आणि रस्त्यावर आवाज नसायचा. पहिले काही दिवस मला झोप लागली नाही, लूमची सवय होती म्हणून असेल. माझी पाळी आली तेव्हा मी निबंध वाचला आणि टेप लावली. लाउडस्पीकरच्या गदारोळातून आईचा आवाज आला, मग दुसरा. एका मुलीनं विचारलं, हा दुसरा आवाज कुणाचा? मी म्हटलं, माझा. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. तोवर मी त्यांच्यासारखीच एक विद्यार्थिनी होते, त्या क्षणापासून त्यांच्या अभ्यासाचा विषय झाले. मला ते आवडलं की नाही हे आजही सांगता येत नाही. तिथल्या सरांना मात्र फार आवडलं. निघायच्या आधी त्यांनी बोलावून विचारलं, ऑक्टोबरपासून पीएच.डी.साठी येशील का. विचार करून कळव म्हणाले. मी विचार केला नाही, तिथंच हो म्हटलं. ज्यासाठी सगळं सोसलं ते हातात पडत होतं. सरांनी हात पुढे केला आणि मी तो हातात घेतला.

परत आले तेव्हा पाऊस स्थिरावला होता आणि भाताची आवणी चालू होती. घरी आल्यावर आईनं माझ्या हातापायांकडे बघितलं, बारीक झालीस म्हणाली आणि माशाचं कालवण केलं. ऑक्टोबरचं मी लगेच सांगितलं नाही. लग्नाचंही विचारलं नाही. निकाल यायचा होता, तो एक बहाणा होता. दोन दिवसांनी आमच्या शेतात आवणीला गेले. शेजारची काकी माझ्या बाजूला वाकून रोपं लावत होती. इकडचं तिकडचं बोलता बोलता ती म्हणाली, "तुझ्या आयनी त्या लग्नान काय केला, ठाव हाय ना तुना?"

मी म्हटलं, न्हाय.

काकी त्या मांडवात होती. तिनं सांगितलं ते असं. आई गेली ती एकटीच. कुणाला सोबत घेतलं नाही. हळदीला बसताना तिनं नेहमीसारखे दोन पाट मांडून घेतले. एकावर बसली, दुसरा रिकामा. खाडीपलीकडची म्हातारी पाहुणी म्हणून आलीच होती, ती चटकन उठून त्या पाटाकडे आली. आईनं हात आडवा केला. बाबा मागून म्हणाले, "तो पाट भरलेला हाय, मावशी." मग आईनं पहिली ओळ टाकली. मागची उचलायची वेळ आली आणि आई गप्प बसली. लोकांना वाटलं विसरली. पण ती विसरली नव्हती. रिकाम्या पाटाकडे बघत ओठ मिटून बसली होती, आणि माझी ओळ जेवढी लांब तेवढा वेळ गेल्यावर तिनं पुढची टाकली. पुन्हा थांबली. पुन्हा टाकली. पोरं हसायला लागली. कुणीतरी ऑर्केस्ट्रावाल्याला खूण केली, तशी बाबांनी जाऊन त्याचं बटणच बंद केलं. मग मांडव शांत झाला. हळद लागली, तेल चढलं, प्रत्येक वेळी असंच. एका बाईनं न राहवून एक ओळ उचलली, तर आई थांबली आणि तीच ओळ परत पहिल्यापासून टाकून माझ्या जागेसाठी थांबली. दोन दिवस लग्न असं लागलं.

"आमी सगल्या बसून र्‍हालो," काकी म्हणाली. "आधी मना राग आलता तिचा. मंग सवय झाली. मंग आमी पन थांबाया लागलो, तुझ्यासाठी."

मी रोपांची जुडी हातात धरून चिखलात उभी राहिले. टेपवर माझा आवाज आहे म्हणून परक्या देशात माना वळल्या होत्या, आणि इथं माझी आई भरल्या मांडवात माझी जागा धरून बसली होती. मला रडू आलं. पाऊस होता म्हणून काकीला कळलं नसावं.

दुपारी बांधावर भाकरी खायला बसलो तेव्हा मी आईच्या शेजारी जाऊन बसले.

"मना सांगायचा तरी होता," मी म्हणाले.

"काय सांगायचा?"

"का मी गेले तं तुना असा करायला लागंल म्हनून."

"मंग तू गेली नसतीस."

 मी गेले नसते, हे खरं होतं. तिनं ते ओळखलं होतं, म्हणूनच बोलली नव्हती, आणि मी सगळा उन्हाळा तिच्या न बोलण्यावर दात खात होते. मला एकदम ऑक्टोबर नकोसा झाला. मी तिला सरांचं सांगून टाकलं, पीएच.डी.चं, तीन-चार वर्षं लागतील त्याचं, आणि लगेच म्हटलं, "पन मी न्हाय जात. पत्र टाकून कलवते. बी.एड. करीन. तुझ्या मागं बसीन."

हे बोलताना मला वाटत होतं की तिला बरं वाटेल. आईनं हात धुतले, पदराला पुसले.

"तिथं हो बोललीस?"

"बोलले."

"कोनी इचारला? मना इचारला का तुना?"

"मना."

"मंग ती तू घेतलीस, तुझ्या हातान," ती म्हणाली. "आपल्या घरान सुतक हाय का, परत द्यायला?"

मी तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज मांडवात असतो तसा होता. ती उठली, लुगडं खोचलं आणि परत खाचरात उतरली. थोड्या वेळानं मीही उतरले. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी एका ओळीत रोपं लावत होतो.

ऑक्टोबरात मी गेले. पुढच्या हंगामात सुपाऱ्या घेऊन माणसं घरी येत राहिली. आई त्यांना बसवायची, चहा पाजायची आणि सुपारी पुढे आली की हात मागे बांधून सांगायची, "मागची घरान न्हाय."